उसनी टिकटिक

सोमवार

आलो एकदाचा! वॉर्ड ऐसपैस, खाट खिडकीशी, चादरीला उन्हाचा वास. हृदयाची झडप बदलायची आहे आणि माझं रक्त लवकर गोठत नाही, जन्मापासूनच. दाढी करताना कापलं तरी आम्ही घर डोक्यावर घेतो. धातूची झडप बसवली तर रक्त पातळ करायची गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि ती गोळी माझ्यासाठी विषच. म्हणून सर्जननी जनावराच्या पडद्याची झडप निवडली. बायको म्हणाली, आता माणसात यायची उरलीसुरली आशाही गेली.

शेजारच्या खाटेवरच्या काकांची झडप धातूची. खोली शांत असली की त्यांची टिकटिक ऐकू येते.

शुक्रवार

ऑपरेशन झालं. रक्त गोठवणारी इंजेक्शनं चालू आहेत, टाके कोरडे. सर्जन खूश आहेत.

काका काल गेले. काकू सामान आवरताना बायकोशी बराच वेळ बोलत होत्या. मला फार वाईट वाटलं.

शनिवार

माझ्या छातीत टिकटिक. आधी घड्याळ वाटलं, पण भिंतीवर घड्याळच नाही. सिस्टरांनाही ऐकू आली. सर्जननी एक्स-रेची फिल्म उजेडात धरली, झडपेत धातूचा कणही नाही. पडद्याची झडप वाजत नाही, म्हणाले. मग कान लावून ऐकलं आणि तडक निघून गेले. माझी पाचावर धारण बसली.

रविवार

या कुशीवर, त्या कुशीवर – आवाज सोबतच. बायकोला वाटतं, डॉक्टर लपवताहेत, धातूचीच बसवली. सारखी छातीला कान लावते. आवाज मंदावला की गुठळी धरतेय समजायचं, असं काकूंनी सांगितलंय म्हणे. हा आवाज माझा नाही, काकांचा आहे, असं मी म्हणालो. ती रडली.

मंगळवार

टिकटिक मंदावली होती. जातेय, असं वाटलं – नाही. पुन्हा जोरात.

हिरड्या दुखतात.

बुधवार

दात घासताना रक्त. थांबत नाही. टाक्यांवरची पट्टी ओली – सिस्टर सर्जनना बोलवायला धावल्या.

टिकटिक खणखणीत. बायकोचा चेहरा खुललाय. म्हणाली, "बघा, सुधारली की नाही? काकूंनी काकांच्या उरलेल्या गोळ्या दिल्या होत्या. रविवारपासून चहात घालतेय."

सांगायला हवं – रागवायचं नाही – पण तोंडात रक्त – लिहून दाखवतो –

ती वाचत नाही. कान लावून बसलीय. हसतेय. कप पुढे करून म्हणतेय, अजून एक घोट, आता फक्त