बाबांच्या पंख्यासाठी पवनचक्की

३ एप्रिल
निर्णय झाला. गच्चीवर पवनचक्की. रविवार सोडला तर रोज दुपारी दोन ते चार वीज जाते आणि बाबा अंथरुणात घामाघूम. वर्षभर पलंगावर पडून असलेला माणूस, त्याचा एक पंखा आपल्याला चालवता येऊ नये? मी तेव्हा ऑफिसात असतो, पण जीव तुटतो. बायको म्हणाली, चारचौघांसारखा इन्व्हर्टर आणा. इन्व्हर्टर काय, कुणीही आणतं.

११ एप्रिल
चक्की आली, सोबत बॅटरी. पुस्तिकेत लिहिलंय, आधी पंधरा दिवस वारा मोजा. बोट ओलं करून मोजला. भरपूर आहे.
जागा ठरवली : रस्त्याकडचा कोपरा. बायकोचं म्हणणं, तिथे शेजारच्या टाकीचा आडोसा आहे; बारा वर्षं कपडे वाळत घालतेय, त्या कोपऱ्यात रुमालसुद्धा संध्याकाळपर्यंत ओलाच. तिला म्हटलं, कपडे वेगळे, ऊर्जा वेगळी. शिवाय मागच्या बाजूला बसवली तर दिसणार कुणाला?

१४ एप्रिल
वायरमनने बसवली. खाली जाऊन रस्त्यावरून पाहिली. झकास. साहेबांना फोटो पाठवला.
फिरली नाही. नवीन आहे.

१९ एप्रिल
अजून रुळतेय. आज दुपारी बाबांचं कसं झालं, म्हणून बायकोला विचारलं. म्हणाली, निभावलं. म्हणजे तसं फार अडत नाहीये. बरं झालं.

२२ एप्रिल, संध्या. ६.१०
फिरली! साडेतीन फेरे! बाबांना सांगायला धावत खाली गेलो. ते म्हणाले, बरं. पुन्हा वर येईपर्यंत थांबली होती. पण यंत्र उत्तम आहे हे सिद्ध झालं. आता प्रश्न फक्त वाऱ्याचा.

२७ एप्रिल
वायरमन म्हणतो, जागा बदला. नाहीतर तोवर बॅटरी घरच्या विजेवर चार्ज करू, उद्यापासून बाबांचा पंखा चालू. साफ नकार दिला. घरच्या विजेवर चालणारी पवनचक्की! माणसाला काही तत्त्व आहे की नाही? वायरमनने बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे.

४ मे
साहेबांनी विचारलं, किती वीज होते? म्हटलं, पुरते. कशाला पुरते, ते त्यांनी विचारलं नाही.
कंटाळलो. ऑफिसला जाण्याआधी गच्ची, आल्यावर गच्ची. मान आखडली. पात्यावर कावळा बसतो. अगदी निवांत.
संकल्प : उद्यापासून वर बघायचं नाही.

५ मे
बघितलं. कावळाच होता.

९ मे, सकाळ
बायको दिवसभर बहिणीकडे. मी रजा टाकली. ती नसतानाच चक्की मागच्या बाजूला हलवायची, म्हणजे तिचं ऐकलं असं होणार नाही. वायरमन पाचला येतोय. निघताना ती बाबांच्या दुपारबद्दल काहीतरी सांगायला लागली. म्हटलं, बाप माझा आहे, मला सगळं माहीत आहे. बरं म्हणाली आणि गेली.

९ मे, दुपारी ४.२०
दोनला वीज गेली. वर जाऊन पाहिलं. पुढच्या कोपऱ्यात वारा नाही, मागच्याही नाही. खाली आलो तर बाबांचा श्वास जड झालेला, उशी भिजलेली. घाबरलो. वर्तमानपत्राची घडी करून वारा घालायला लागलो. दहा मिनिटांत खांदा भरून आला. हात बदलला. पुन्हा बदलला. थांबलं की बाबा कण्हायचे, म्हणून थांबता येईना. घड्याळात पाहिलं तर अडीचसुद्धा वाजले नव्हते.
तीनच्या सुमाराला बाबा डोळे मिटूनच बोलले. म्हणाले, सूनबाई, रोज दोन तास न थांबता वारा घालतेस, आज लवकर दमलीस. जरा टेक. तो करतोय ना काहीतरी वर.
मी हूं की चूं केलं नाही. आवाज ओळखला असता.