दार लावून घे

रविवार, संध्याकाळ. पिपरी मेघे.

बावीस वर्षं नर्स आहे मी. आणि आज माझ्याच घरात मला कळलं नाही.

लेकीला पाहायला सेलूचे लोक येणार होते. आमच्याकडे धुणंभांडी करणारी शोभा बाथरूम घासत होती. ब्लीचनं डाग जाईनात, म्हणून मीच सांगितलं, त्याच्यावरच अ‍ॅसिड टाक. वरून म्हटलं, दार लावून घे, बैठकीत वास नको.

थोड्या वेळानं ती खोकत बाहेर आली. डोळे लालभडक, पाण्याच्या धारा.

"बाई, गळा जळून राह्यला. दम लागून राह्यला."

वॉर्डात कुणी असं म्हटलं असतं तर मी धावले असते. डोळ्यांची आग, खोकला, छाती भरून येणं. हे तर नवशिक्या पोरींना मीच शिकवते! पण घरात काय म्हटलं? "पाहुण्यांच्या दिवशीच बरं दुखते तुह्यं!" परत आत पाठवलं. आणि परत तेच, दार लावून घे.

ती आत खालीच बसली, तेव्हा माझे डोळे उघडले. धरून अंगणात आणलं, ऑटोनं दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लावल्यावर तिचा श्वास जरा सावरला.

डॉक्टरांनी विचारलं, "ब्लीचवर अ‍ॅसिड? विषारी वायू होतो त्याचा. हे दोन्ही मिसळायला कुणी सांगितलं?"

शोभा माझ्याकडे न बघता म्हणाली, "कोणी नाई. माह्यीच चूक झाली."

आणि मी? मी तिला, सगळ्यांसमोर, म्हटलं, "पुढच्या वेळी सांभाळून करजो."