सहापेक्षा कमी नको, चारपेक्षा जास्त नको

सर, माझ्या गणिताच्या वहीवर तुम्ही मारलेला एक शेरा मला पुष्कळ दिवस मान्य नव्हता. आज माझे वय तुमच्या तेव्हाच्या वयाहून अधिक आहे, म्हणून त्याविषयी लिहिण्याचे धाडस करतो.

अकरावीत तुम्ही फळ्यावर असमानता लिहून दिल्यात आणि प्रत्येकीला शोभेल असा गावातला प्रसंग शोधून आणायला सांगितलेत. मी तारापूरचा टांगा आणला. सहा उतारू जमल्याशिवाय टांगेवाला बोईसर स्टेशनला निघत नसे, म्हणून क्ष ≥ ६. कायद्याने चारांहून अधिक बसवता येत नसत, म्हणून क्ष ≤ ४. दोन्ही अटी पाळणारी संख्या अस्तित्वात नाही. सबब टांगा सुटणे अशक्य. तुम्ही तांबड्या शाईने लिहिलेत, ‘टांगा रोज सुटतो. पुन्हा पाहणे.’

मी पुन्हा पाहिले नाही. आणि मग पालघरच्या केंद्रावरचा मॅट्रिकचा गणिताचा पेपर आला. टांग्यात आम्ही तिघे परीक्षार्थी, तुम्ही, आणि टोपली घेतलेली दांडी गावची एक मावशी. एकूण पाच. गाडी चुकली तर पेपर चुकणार, आणि पेपर चुकला तर वर्ष.

“अजून एक येऊ दे, मास्तर. सा झाल्याबिगर घोडा हालायचा नाय.”

“अरे, पोरांची परीक्षा आहे!”

टांगेवाला तुमच्या देहाकडे आदराने पाहतो. “मग तुमाला दोन धरू?”

“धर रे धर,” मावशी म्हणते. “माजी टोपली धरू नको म्हंजे झालं.”

तुम्ही घड्याळ पाहता आणि दोन होण्यास संमती देता. टांगा निघतो. स्टेशनाअलीकडे, पोलीस चौकी दिसताच, तो थांबतो.

“दोन जण उतरा. चौकी चालत ओलांडा, म्होरं परत घेतो. रोजचंच हाय.”

“कोण दोन?”

“तुमीच की, मास्तर!”

मावशी इतकी हसली की टोपली कलंडली. तुम्ही मात्र खाली उतरून, धोतर सावरत, विजयी मुद्रेने मला म्हणालात, “बघ! सहाची अट निघताना, चारची अट चौकीपाशी. दोन्ही एकाच जागी लागतात असं तुला सांगितलं कोणी?”

आम्ही पेपरला वेळेवर पोहोचलो. तुम्ही मागच्या गाडीने, गुडघ्यापर्यंत धुळीने माखून आलात. चौकीपलीकडे घोडा बिथरला, असे तुम्ही पुढे अनेक वर्षे सर्वांना सांगत राहिलात, आणि त्या टांग्यात पुन्हा कधी बसला नाहीत.

सर, तुमचा शेरा बरोबर होता. परंतु घोडा बिथरला नव्हता. चौकी ओलांडल्यावर टांगेवाल्याने लगाम खेचला होता. गाडी येत असल्याचा सिग्नल पडलेला मला दिसला, तुम्ही मागून हात करत येतानाही दिसलात, आणि मी त्याला म्हणालो, “सर म्हणालेत, थांबू नका.”

हे पत्र पाठवण्यास आता पत्ता नाही. होता, त्या वर्षांतही मी ते लिहिले नाही. घोड्याची माफी मागायचीही राहूनच गेली.