नाव घ्यायची तयारी

॥ श्री ॥

चाकूर,
रविवार, ता. ११ मे १९८६

तीर्थरूप पंचफुला अक्कास,

धाकट्या शिवगंगाचे साष्टांग शरणार्थ. इकडे आम्ही तिघी बऱ्या आहोत. तिघी म्हणजे मी, गौरा आणि आत्याबाई. (या माझ्या सासूबाईंना विचारशील तर त्या बऱ्या न्हाईत म्हणतील, पण मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या बऱ्या न्हाईत, तवा ते धरू नको.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचं पित्त? वसतिगृहातल्या पोरी सुट्टीला गेल्या म्हणजे तुला जरा पाठ टेकायला मिळत असंल. किनवटकडं अजून झाडाला पानं आहेत म्हणे. इकडं आमच्या दारातल्या लिंबाचा पालासुद्धा लोकांनी शेळ्यांसाठी ओरबाडून नेला. एखादं हिरवं पान पाकिटात घालून पाठव, गौराला दाखवते. पोरगी चित्रातलं झाड तपकिरी रंगवून राहिली.

तू तीन पत्रांत एकच विचारलंस, मुलाखतीचं काय झालं. सांगते. पण जे झालं ते सगळं तुझ्यामुळं झालं, म्हणून तुला पहिल्यापासून वाचावं लागंल. मधली पानं सोडून शेवट बघायची तुझी सवय मला ठाऊक आहे.

तर हे गेल्याला श्रावणापासून नऊ महिने झाले. टँकरच्या पाण्यानं सगळ्या गल्लीत कावीळ झाली, बाकीचे उठले, हे उठले न्हाईत. मग लातूरच्या कचेरीतून कागद आला, की मयत शिपायाच्या वारसानं त्याच पदासाठी मुलाखतीला हजर राहावं. कागद आला त्या दिवशी आत्याबाईंनी आणि मी न बोलता सगळं ठरवलं. नोकरी मिळाली तर तिघी एकत्र. न मिळाली तर मी आणि गौरा दादाच्या घरी, आत्याबाई उदगीरला लेकीकडं, आणि या घराला कुलूप. आत्याबाई म्हणतात, जावयाच्या दारात मी घोटभर पाणी पिणार न्हाई. मी म्हणते, वहिनीच्या हाताखाली मी दोन दिवस टिकणार न्हाई. आम्ही दोघी दिवसभर भांडतो अक्का, पण भांडायला दुसरं माणूस आम्हाला नको आहे.

मग तयारी सुरू झाली. शेजारचे किशनराव जमादार तुला आठवत असतील, मोठ्या मिशांचे. निजामाच्या शेवटच्या सालात पोरसवदा असताना तहसिलीत चिकटले, ते मागच्या वर्षी पेन्शनीत निघाले. ते म्हणाले, सूनबाई, मुलाखत माझ्यावर सोडा. रोज चारला आमच्या ओसरीत खुर्ची टाकून साहेब होऊन बसायचे. (चहा साहेबाला लागतोच, असं त्यांचं म्हणणं.) नव्या जिल्ह्यात तालुके किती, जिल्हा कधी झाला, मंत्री कोण, साहेबाची घंटी एकदा वाजली तर काय आणि दोनदा वाजली तर काय, असे चाळीस सवाल त्यांनी काढले. जिल्हा कधी झाला हे मला पाठ करावं लागलं न्हाई. त्या साली हे उस्मानाबादहून आलेल्या ट्रकातली दप्तरं उतरवून घरी आले होते, केसांत धूळ, शिंकून शिंकून नाक लाल, आणि दारातूनच ओरडले, शिवगंगा, आजपासून आपण जिल्ह्याची माणसं! तारीख मला झोपेतून उठवून विचार.

किशनरावांचा मोठा नियम असा, की साहेबाला कधी पाठ दाखवायची न्हाई. उलट्या पावलांनी बाहेर निघायचं. मी म्हटलं, काका, आता तसं कुणी करत न्हाई. ते म्हणाले, म्हणूनच कारभार बिघडला. मग मी उलटी चालले, आणि सरळ जाऊन भरलेल्या घागरीवर बसले. अक्का, टँकर चौथ्या दिवशी येतो! आत्याबाई आतून धावत आल्या. मला लागलं का हे विचारलं न्हाई. फडक्यानं फरशीवरचं पाणी टिपून टिपून पातेल्यात पिळलं, आणि ते गढूळ पाणी बेलाच्या झाडाला घालता घालता किशनरावांना असं काही बोलल्या, की साहेब चहा अर्धा टाकून घरी गेले. दुसऱ्या दिवशी चारला परत आले म्हणा.

मग साडीचं. तू पाठवलेली निळी साडी मी नेसून दाखवली, तर गल्लीतल्या धुरपताबाई म्हणाल्या, अगं बाई, ही तर लग्नाला निघाल्यासारखी दिसून राहिली, कोण दया करील? मग फाटकी नेसले. तर त्या म्हणाल्या, शी, अशी बाई कचेरीत कोण ठेवून घेईल? दुःख दिसावं पण स्वच्छ दिसावं, गरिबी दिसावी पण ठिगळ दिसू नये, अशी साडी माझ्या ट्रंकेत होती का, तूच सांग. शेवटी समोरच्या मल्लम्मा मावशींची राखाडी साडी आणली. त्या माझ्या दुप्पट आहेत. मी तिच्यात दोनदा गुंडाळून निघाले.

आणि रडणं. आत्याबाईंचं ठाम मत, की रडल्याशिवाय सरकार नोकरी देत न्हाई. 'घरची परिस्थिती' हा शब्द आला की पदर डोळ्याला लावायचा. मला जमेना. आठ-दहा दिवसांत 'परिस्थिती' म्हटलं की मला हसूच यायला लागलं. आत्याबाई चिडल्या. म्हणाल्या, थांब, मी दाखवते, आणि किशनरावांसमोर उभ्या राहून पदर डोळ्याला लावला. तो पदर मग खाली येईना. आधी आम्हाला वाटलं शिकवूनच राहिल्या. किशनराव वा वा म्हणाले. नंतर ते खुर्चीवरून उठले आणि खाली जमिनीवर बसले. गौरा आजीच्या मांडीवर चढून तिचा पदर ओढायला लागली. नऊ महिन्यांत आत्याबाई माणसांसमोर रडल्या ते एवढंच, आणि त्याही मला शिकवायला म्हणून.

आता तुझा गुन्हा. चाळिसातला पहिलाच सवाल होता, नवऱ्याचं नाव काय. मी गप. किशनराव म्हणाले, बोला. मी म्हटलं, काका, असं कसं नुसतं घेऊ? हे असताना कधी घेतलं न्हाई, आता कोणत्या तोंडानं घेऊ? आत्याबाईही म्हणाल्या, न्हाई म्हणजे न्हाई, या घरात ते नाव काढायचं न्हाई. त्यांचं तर तुला सांगायलाच पाहिजे. आपण ज्यांची भजनं म्हणतो त्या महाराजांचं नाव तेच, लेकाला त्यांचंच ठेवलेलं. तर रोज सांजच्याला भजन म्हणताना महाराजांच्या नावाची ओळ आली की आत्याबाईंना खोकला येतो. बरोबर त्याच शब्दावर. ओळ सरली की खोकला बंद. गौरा बिचारी पाणी घेऊन उभी राहते. श्रावणापासून या घरात ते नाव कुणाच्या तोंडून आलं न्हाई बघ.

शेवटी तोडगा निघाला. मृत्यूचा दाखला हातात धरायचा, नाव विचारलं की त्यावर बोट ठेवायचं. बोट ठेवायचा सराव मी चार दिवस केला. (हसू नको. तू असतीस तर तूही केला असतास.)

मागच्या महिन्यात एका मंगळवारी पहाटेच्या एसटीनं गेले. आत्याबाईंनी कपाळाला विभूती लावली आणि म्हणाल्या, रडशील नव्हं? मी हाव म्हटलं. कचेरीच्या दारात मारोतीभाऊ भेटले, यांच्या जोडीचे शिपाई. त्यांनी यांचं नाव घेऊन विचारलं, त्यांची मंडळी का तुम्ही? मी मान हलवली. मग चौकीदारानं ते नाव घेतलं. मग एका कारकुनानं घेतलं, की अरे त्याच्यासारखं दप्तर बांधणारा दुसरा झाला न्हाई. एक म्हातारा टपालवाला म्हणाला, माझी तंबाखूची डबी त्याच्याकडंच राहिली. (खरं आहे. फडताळात आहे. आता नेऊन देते.) तासाभरात ते नाव इतक्यांदा कानावर पडलं, की मी बाकावर बसून नुसतं ऐकत होते. कोण काय म्हणतंय याच्याशी मला घेणं नव्हतं.

आत तिघं होते. मधे चष्म्याचे साहेब, बाजूला एक बाईसाहेब, आणि लिहून घेणारा कारकून. कारकुनानं पहिलं काम काय केलं, तर माझ्या हातातले सगळे कागद घेतले आणि फायलीत लावून टाकले. दाखला गेला! आणि साहेबांनी तालुके विचारले न्हाईत, मंत्री विचारला न्हाई. मान वर न करता म्हणाले, नवऱ्याचं नाव सांगा.

मी फायलीकडं बोट केलं. कारकुनाला वाटलं मी त्याच्याकडं बोट करून राहिले, तो दचकला. साहेबांनी परत विचारलं. बाईसाहेब म्हणाल्या, बाई, रजिस्टरात लिहायचं आहे, बोला. माझ्या मल्लम्मा मावशींच्या साडीतून घामाच्या धारा. डोक्यात एकच, की न्हाई बोलले तर उदगीर आणि दादाचं घर आणि कुलूप. आणि अक्का, माझ्या तोंडातून ते नाव एकाच वाटेनं येतं गं, दुसरी वाट मला कुणी शिकवलीच न्हाई. लग्नात घरच्या दारात नणंदेनं अडवलं तेव्हा तू माझ्या कानात सांगितलेलं ते बाहेर आलं. हात जोडून, मान खाली घालून, मोठ्यानं:

नव्या माठातलं पाणी गारच गार,
मन्मथरावांचं नाव घेते, सोडा आता दार.

म्हटलं आणि मग मला कळलं मी काय म्हटलं. विधवा बाई, सरकारी कचेरी, आणि उखाणा! कारकून ऐकंल ते लिहिणारा. त्यानं माठापासून लिहायला घेतलं होतं, ते आता खोडायला लागला. बाईसाहेबांनी तोंड खिडकीकडं केलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग साहेब म्हणाले, मन्मथ पाणी गारच द्यायचा. आणि म्हणाले, जा बाई, सोडलं दार.

मी उलट्या पावलांनी बाहेर आले. (सवय लागली, काय करू.) व्हरांड्यात यांचा माठ होता, घरून नेलेलं लाल फडकं अजून त्याला बांधलेलं. फडकं कडक वाळलेलं. कुणी भिजवलंच नव्हतं, मग पाणी गार कुठून होणार? मी पेलाभर पाणी काढून फडकं भिजवलं, नीट गुंडाळलं, आणि एसटी पकडली.

'सोडलं दार' म्हणजे काय, यावर गल्लीत दोन पक्ष पडले. धुरपताबाई म्हणाल्या, नोकरी झाली. किशनराव म्हणाले, सरकारी भाषेत याचा अर्थ घरी जा, आणि चाळीस सवाल वाया गेले म्हणून माझ्याशी दोन दिवस बोलले न्हाईत.

पण खरी भीती मला आत्याबाईंची होती. त्या ज्वारी पाखडत होत्या. म्हणाल्या, रडलीस? मी म्हटलं, न्हाई. मग काय केलंस? सगळं सांगितलं, उखाण्यासकट. वाटलं आता सूप अंगावर येतं. त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "परत म्हण." मी परत म्हटलं. म्हणाल्या, "सावकाश म्हण की, लई घाई करतीस." मी एकेक शब्द सुटा करून म्हटलं. मग त्या पाखडायला लागल्या. सांजच्याला भजनात त्या ओळीवर खोकला आला, नेहमीसारखाच.

नोकरी मला कशाला पाहिजे, असं कुणी विचारलं तर मी गौराचं आणि आत्याबाईंचं सांगते, आणि ते खोटं न्हाई. पण तुला म्हणून सांगते. त्या कचेरीत हे अजून आहेत. तिथं येताजाता कुणीतरी हाक मारल्यासारखं नाव घेतं. घरी इतकं गप आहे गं अक्का.

दाजींना शरणार्थ सांग. गुडघ्याला तेल लाव, आळस करू नको.

तुझीच उपद्व्यापी धाकटी,
शिवगंगा

ता. क. : वर आडून आडून लिहिलंय की मी रडले न्हाई. कचेरीत न्हाई रडले. लातूर सुटल्यावर जे सुरू झालं ते आष्टा मोडापर्यंत. कंडक्टर दोनदा आला आणि तिकिटाचं न विचारता परत गेला. आत्याबाईंना कळवू नको, त्या म्हणतील चुकीच्या जागी रडलीस.

ता. क. दुसरा : पत्र बंद करताना मारोतीभाऊंचा निरोप एसटीच्या ड्रायव्हरनं आणून दिला. यादीत माझं नाव आहे. फक्त वरची एक सही राहिली आहे, ती जूनमधे होईल. आत्याबाईंनी ऐकून नुसतं 'हं' केलं आणि उदगीरला न्यायला बांधून ठेवलेलं गाठोडं सोडलं. ते बांधलेलं होतं हे मलाही ठाऊक नव्हतं. किशनराव परत चारला येऊन राहिले, आता म्हणे नोकरी टिकवायची कशी ते शिकवतात.

ता. क. तिसरा, आणि हेच खरं काम, बाकीचं पत्र यासाठीच लिहिलं समज : उत्तर पाठवशील ते कार्डावर न्हाई, पाकिटात पाठव. आणि दर वेळी पत्त्यावर 'शिवगंगा, किशनराव जमादारांच्या शेजारी' घालतेस तसं घालू नको. ठसठशीत अक्षरात पुरं घाल, शिवगंगा मन्मथ बिराजदार. आपला पोष्टमन व्यंकटी दारात उभा राहून जे लिहिलंय ते सगळं मोठ्यानं ओरडतो, आणि सरकारी माणसाला आत्याबाई काही म्हणू शकत न्हाईत. परवा शाळेत नाव घालायला गेलो तर गुरुजींनी गौराला वडिलांचं नाव विचारलं. पोरगी म्हणाली, अप्पा. आत्याबाईंना तर हल्ली कमी ऐकू येतं, म्हणजे त्या तसं म्हणतात. पाकीट आलं की त्या उंबऱ्यापर्यंत येतील आणि विचारतील, कुणाचं म्हणालास रे? मग त्याला परत म्हणावं लागंल. तेव्हा अक्का, पाकीट लवकर पाठव. आत काही लिहिलं न्हाईस तरी चालंल.