ऑफिसात सांगितलेलं कॉलेज

दि. ९ नोव्हेंबर, रविवार, सकाळ

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. आईचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि आई माझ्यावर कुरकुरते, म्हणजे सगळं नेहमीसारखंच. न्हाणीघरातला नळ मी स्वतः दुरुस्त केला. आता तो आधीपेक्षा जास्त गळतो.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू "बरी आहे बाबा, आईकडे दे" म्हणतेस आणि मीही सुटलो म्हणून लगेच देऊन टाकतो. जे सांगायचंय ते तेवढ्यात मावत नाही.

गेल्या महिन्यात मी रिटायर झालो. छत्तीस वर्षं जमिनीचे नकाशे काढले. निरोपाला हेडक्लार्क बोलले. माझ्या रेघा, माझं अक्षर, सगळ्याचं कौतुक झालं. शेवटी म्हणाले, "आणि ह्या माणसानं मुलीला एवढ्या मोठ्या कॉलेजात शिकवलं!" त्यांनी त्या कॉलेजचं नाव घेतलं. टाळ्या झाल्या. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, किती विनयशील माणूस.

आता तुला कळलं असेल. की आधीपासूनच माहीत होतं?

तू दोन मोठी कॉलेजं सोडून ते बावीस मुलांचं कॉलेज घेतलंस, तो दिवस मला लख्ख आठवतो. तू टेबलाशी बसून मला समजावत होतीस, "बाबा, तिथे पहिल्या आठवड्यापासून समोर माणूस असतो. त्याचं माप घ्यायचं, साचा करायचा, पाय बसवायचा, त्याला चालवून बघायचं. बाकी दोन्हीकडे चौथ्या वर्षापर्यंत नुसती पुस्तकं." आणि मी म्हणालो, "लोकांना काय सांगू? माझी मुलगी लाकडाचे पाय बनवते?"

तू म्हणालीस, "लाकडाचे नसतात आता." बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे विचारायला जमले, कुठलं घेतलं शेवटी? माझ्या तोंडून ते मोठं नाव निघून गेलं. खरं सांगतो, ठरवलं नव्हतं. पण एकदा निघालं ते निघालं. मग चार वर्षं मी ते सांभाळलं. त्या कॉलेजच्या परीक्षा कधी, सुट्ट्या कधी, हे वेबसाइटवर बघून ठेवायचो, कुणी विचारलं तर अडखळायला नको. तुझ्या खऱ्या परीक्षांच्या तारखा मात्र मला एकदाही माहीत नव्हत्या.

तुझ्या पदवीच्या कार्यक्रमाला "ऑफिसात तपासणी आहे" म्हणून आलो नाही. तपासणी नव्हती. तिथले फोटो आई कौतुकानं चारचौघांना दाखवील, ह्याची मला भीती होती.

निरोपाच्या दिवशी चहा घेताना रेकॉर्ड रूममधल्या बाई माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "तुमची मुलगी काय साधी हो! तुमचा विसरलेला चष्मा द्यायला आली होती एकदा. मी विचारलं, एवढ्या मोठ्या कॉलेजात दडपण नाही का येत? क्षणभर बघत राहिली माझ्याकडे. मग हसली, म्हणाली, होते सवय."

तो चष्मा टेबलावर ठेवून तू मला न भेटताच गेली होतीस. मी समजलो, घाई असेल. त्यानंतर तू ऑफिसात कधी आली नाहीस. सुट्टीत पंधरा दिवस राहायचीस, ते चारवर आलं. आई म्हणायची, अभ्यास वाढला. मीही तेच म्हणायचो.

गेल्या मंगळवारी आईला न सांगता मी तुझ्या कॉलेजात जाऊन आलो. दोन मजली इमारत, खाली कारखान्यासारखी मोठी खोली. ओल्या प्लास्टरचा वास. फळीवर पायांचे साचे ओळीनं लावलेले, प्रत्येकावर पेन्सिलीनं नाव. तुझ्या मॅडम एप्रनला हात पुसत पुढे आल्या. मी कोण ते सांगितलं, तर त्यांचा चेहरा उजळला. "आलात! तिनं सांगितलं होतं, वडिलांना हृदयाचा त्रास आहे, प्रवास झेपत नाही. आता बरी आहे ना तब्येत?"

मी "हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तिकडे माझ्या ऑफिसात तू माझं खोटं निभावलंस आणि इथे माझ्यासाठी स्वतः खोटं बोललीस. दोन्हीकडे माझी लाज तूच राखत होतीस, आणि मी घरी बसून समजत होतो की मान खाली घालायला लावलीस ती तू.

तिथल्या आधाराच्या दोन दांड्यांमध्ये एक पोस्टमन चालून बघत होते. बसवलेल्या पायाचा पट्टा बदलायला आले होते. मॅडमनी ओळख करून दिली, तशी त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत वर ओढली. "हा त्यांनीच केलाय, तुमच्या मुलीनं. टोचतं म्हटलं की पुन्हा घासून द्यायच्या. अकरा वेळा दिला. एकदाही तोंड वाकडं नाही. तीन मजले चढून टपाल देतो आता." मला हात लावून बघायला सांगितलं. मी वाकून हात लावला. ठमे, इतकं नेटकं काम मी छत्तीस वर्षांत केलं असेल असं वाटत नाही.

परवा पेन्शनच्या कागदांसाठी ऑफिसात गेलो, तेव्हा सगळ्यांसमोर खरं काय ते सांगितलं. तुझ्या कॉलेजचं नाव मोठ्यानं घेतलं. कुणी ऐकलेलं नव्हतं. हेडक्लार्क म्हणाले, "मग खोटं कशाला बोललात इतकी वर्षं?" रेकॉर्डच्या बाई म्हणायला लागल्या, "पण मुलगी तर म्हणाली..." आणि मध्येच थांबल्या. त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं, ते मी विसरणार नाही. विसरूही नये.

माफ कर, असं लिहायला हात धजत नाही. तू लगेच "जाऊ दे बाबा" म्हणशील, आणि तुझ्याकडून आणखी एकदा सांभाळून घेतलं जाणं मला नको आहे. रागव. काय काय सोसलंस ते लिही. मी सगळं वाचीन.

उत्तर नाही आलं तरी चालेल, असं आधी लिहिलं होतं. ते खोडलं. चालणार नाही.

तुझा,
उशिरा आलेला,
बाबा