फुटलेला जोड भट्टीत जाण्यापूर्वी तपासण्याबाबत

दिनांक : १९ नोव्हेंबर

प्रति,
मा. बॉयलर निरीक्षक साहेब,
निरीक्षण कार्यालय, दुसरा मजला.

विषय : वाफेच्या नळीचा फुटलेला जोड कापून तपासण्याबाबत.
संदर्भ : आपला प्राथमिक अहवाल, निष्कर्ष क्र. ३, 'वेल्डरचा निष्काळजीपणा'.

महोदय,

१. अर्जदार कागदाच्या कारखान्यात सव्वीस वर्षे वेल्डर असून निष्कर्षातील वेल्डर तो हाच. स्फोटात मेलेला फिटर अर्जदाराचा सख्खा धाकटा भाऊ. अहवालात ही बाब नाही, म्हणून येथे नमूद केली आहे.

२. मुख्य नळी कठीण, मिश्र पोलादाची. तिला जोडायचा नवा तुकडा साध्या पोलादाचा. दिसायला दोन्ही सारखीच, पण ताप सोसण्याची तऱ्हा निराळी. साधे पोलाद कसेही निवले तरी फारशी कुरकुर करत नाही. कठीण पोलाद वेल्डिंगआधी सावकाश तापवावे लागते आणि नंतर जाड कापडात गुंडाळून हळूहळू निवू द्यावे लागते. घाईने गार केले तर टाका, म्हणजे रॉड वितळवून भरलेला सांधा, शाबूत राहतो, मात्र टाक्याला लागून त्या आचेने भाजलेली अरुंद पट्टी काचेसारखी ठिसूळ होते. वरून काहीच दिसत नाही.

३. अर्जदाराने नळी तापवली, योग्य रॉड वापरून जोड मारला, कापड गुंडाळले व सुपरवायझरांकडे चार तास मागितले. ते म्हणाले, "चार तास? लोखंड आहे का बाळंतीण?" त्यांनी स्वतः कापड ओढून काढले व जोडावर पाण्याचा पाइप धरला. आतून बारीक 'टिक' असा आवाज आला. अर्जदार म्हणाला, "साहेब, हा जोड गेला. कापू द्या, पुन्हा मारतो." त्यावर, "तू बाहेर हो," असे उत्तर मिळाले. अर्जदार बाहेर झाला. येथे त्याची चूक आहे व ती त्याला मान्य आहे. भाऊ झडपेपाशी उभा होता. त्याला दंडाला धरून बाहेर ओढायला हवे होते.

४. वाफ सोडल्यावर अकराव्या मिनिटाला नळी फुटली. सुटलेल्या टोकाने भावाची मांडी मोडली व त्याला वाफेच्या तोंडापुढेच पाडले. अर्जदाराने त्याला हाताला धरून ओढले, तेव्हा मनगटापासून खालची कातडी मोज्यासारखी अर्जदाराच्या मुठीत आली. तो ओरडला नाही. घशात वाफ गेली होती. पुढे तो तीन दिवस जगला.

५. त्याच जागी अर्जदाराने सुपरवायझरांच्या तोंडावर हातोडीने दोन वार केले. जबडा मोडला, चार दात पडले. तिसरा वारही व्हायचा होता, लोकांनी आवरले. या खटल्यात अर्जदार जामिनावर आहे. जी शिक्षा होईल ती तो भोगेल. त्याबाबत हा अर्ज नाही.

६. गेल्या सोमवारी फुटलेला तुकडा भंगारासोबत भट्टीकडे निघाला. अर्जदार ट्रकवर चढून तुकड्याला मिठी मारून पडला. पहारेकऱ्यांनी सळ्यांनी झोडपले. दोन बरगड्या व डाव्या हाताची तीन बोटे मोडली, पण मिठी सुटली नाही. शेवटी ट्रकचालकच खाली उतरला व म्हणाला, "मेला तर माझ्या गाडीत नको." त्याने तुकडा अर्जदारासह रस्त्याकडेला उतरवला. तुकडा आता आपल्या कार्यालयाच्या जिन्याखाली आहे. शिपाईभाऊ रोज उचलायला सांगतात. कृपया त्यांना समज द्यावी.

७. तुकडा आडवा कापून, घासून, कठीणपणा मोजावा. चीर टाक्यातच निघाली, तर भावाला अर्जदाराने मारले असे खुशाल लिहावे, अर्जदार त्याखाली सही करील. चीर शेजारच्या कठीण पोलादाच्या पट्टीत निघाली, तर निष्कर्ष क्र. ३ खोडून पाणी कोणी ओतले ते लिहावे.

८. आणखी एक विनंती. आपला अहवाल भावजयीला कोणीतरी वाचून दाखवला. दवाखान्याच्या दारात तिने हातातला स्टीलचा डबा अर्जदाराच्या कपाळात घातला. सहा टाके पडले. ती एवढेच म्हणाली, "भाऊजी, तुमच्या हातचा जोड होता म्हणून ते बिनघोर उभे राहिले." तेव्हापासून त्या घराचे दार अर्जदाराला बंद आहे. तपासणीचे जे काही निघेल त्याची प्रत अर्जदारास देऊ नये. सरकारी शिक्क्यानिशी ती थेट भावजयीला पाठवावी. पत्ता सोबत जोडला आहे. कागद सोप्या भाषेत असावा, म्हणजे तिला तो दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावा लागणार नाही.

आपल्या उत्तराची जिन्यापाशी वाट पाहणारा,
आपला नम्र,
(उजव्या हाताची सही)
वेल्डर, टोकन क्र. ४१७

सोबत :
१. वापरलेल्या रॉडचे रिकामे खोके
२. भावाच्या मृत्यूचा दाखला
३. भावजयीचा पत्ता