लिंब, तार आणि पावणेसहाचं ऊन

५ सप्टेंबर, सायं. ६.४०
झरीच्या शिवारातला एकटा कडुलिंब नक्की केला. मागे काळा ढग, समोरून पावणेसहाचं ऊन. असा एकच फोटो हवा. स्पर्धेची मुदत वीस तारीख. वेळ भरपूर आहे.
रागवायचं नाही, हेही ठरवलं. राग आला की हात हलतो.

७ सप्टेंबर
ढग आला. ऊन आलं. भिवराबाईच्या शेळ्याही आल्या. ती रोज याच लिंबाखाली टेकते. दहा मिनिटं बाजूला व्हा म्हटलं. म्हणाली, माय, तू झाडाचा फोटू काढायलीस, आमी काय झाडाला खायलाव का? शेळ्या खातच होत्या.
रागावले नाही. ट्रायपॉड जरा जोरात मिटला. एक पाय वाकला.

९ सप्टेंबर
शेळ्या चालतील. तार चालणार नाही. शेंड्याला लागून विजेची तार जाते, फ्रेमचे सरळ दोन तुकडे. आधी दिसली नाही, कारण लक्ष शेळ्यांवर होतं. चूक भिवराबाईची.

१० सप्टेंबर
कॉम्प्युटरवर तार पुसायची नाही, असा स्पर्धेचा नियम. मूर्ख नियम. पाळणार.
वीज कार्यालयात अर्ज दिला. फोटोचा उल्लेख टाळला. सर्व्हेच्या यंत्रानं मोजून लिहिलं: झाड व तार यांत अंतर ४० सेंटिमीटर, जीवितास धोका, तातडीने कार्यवाही व्हावी. एक अक्षर खोटं नाही. सिव्हिल इंजिनिअरचा अर्ज आहे. चार दिवसांत तार हलेल.

१४ सप्टेंबर
तार तिथंच. लाइनमन बन्सीधरला फोन केला. त्यानं विचारलं, लाइट गेली का मॅडम? नाही म्हटलं. मग कशाला तापायलात, म्हणाला. मी तापलेली नाही, हे त्याला तीनदा ओरडून सांगावं लागलं.
दुसरा अर्ज. लाल शाईत 'अतितातडीचे'.

१७ सप्टेंबर
बन्सीधरचा स्वतःहून फोन. उद्या सकाळी काम होऊन जाईल, तुमी बिनघोर राहा. नेमकं लिहिलं की यंत्रणा हलते.

१८ सप्टेंबर, सायं. ५.४५
ढग काळा. ऊन अचूक. तार जागेवर.
लिंब नाही. गुडघ्याएवढा बुंधा आहे.
बन्सीधर म्हणाला, तार हलवायची तर वरून मंजुरी लागते, वरीस जातं. धोका तर मिटला न्हवं? तुमचाच अर्ज हाय.
अर्ज पुन्हा वाचला. चूक एकही नाही.
शेळ्या पडलेला पाला खात होत्या. भिवराबाईनं इकडंतिकडं बघितलं. मग येऊन माझ्या लांब पडलेल्या सावलीत बसली. माय, जरा हलू नको, म्हणाली.
ऊन जाईपर्यंत उभी राहिले. हात हलला नाही.